आधी नळ, मग रस्ता

नगर-मनमाड रस्ता रुंद झाला पाहिजे, पक्का झाला पाहिजे आणि तो लवकर झाला पाहिजे, याविषयी या जिल्ह्यात दुमत असेल असे आम्हांस वाटत नाही. विळद, देहरे, राहुरी, कोल्हार, राहाता, शिर्डी, कोपरगाव ही गावे ज्या एका सूत्रात ओवली गेली आहेत ते सूत्र म्हणजे हा रस्ता. दक्षिणेकडून उत्तर हिंदुस्थानात जाणारी अवजड मालमोटार याच रस्त्याने जाते, साईबाबांच्या दर्शनास निघालेले भाविक याच रस्त्याने येतात, आणि गळीत हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या ट्रॉल्या एकीमागे एक दोन-दोन जोडून याच रस्त्यावर उतरतात. एकाहून अधिक ठेकेदार या रस्त्याचे काम अर्धवट टाकून गेले. खड्ड्यांनी किती कुटुंबांचे कर्ते पुरुष हिरावून नेले याची आठवण ज्यांच्या घरी आहे त्यांना आम्ही रस्त्याचे महत्त्व सांगावयास नको. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या २०२७ सालच्या सिंहस्थाचे निमित्तही या कामाच्या निकडीला मिळाले. तेव्हा रस्त्यास विरोध करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो.

परंतु या रस्त्याच्या कडेने, मातीखाली, दुसरा एक रस्ता आहे. त्यावरून माणसे जात नाहीत, पाणी जाते. राहुरी तालुक्यातील मुळा धरणातून उपसलेले पाणी मुळानगरहून विळदला येते, तेथून पुन्हा पंपांनी उचलले जाऊन शहरातील वसंत टेकडीच्या टाक्यांत पडते आणि तेथून पेठापेठांत वाटले जाते. तीस किलोमीटरांहून अधिक लांबीचा हा प्रवास बव्हंशी या रस्त्याच्या सोबतीने होतो. याच धरणावर बुऱ्हाणनगरसह ४४ गावांची प्रादेशिक योजना आणि मिरी-तिसगावची योजना अवलंबून आहेत. वरचा रस्ता रुंद करू लागताच खालचा रस्ता आड येतो आणि मग तो हलवावा लागतो. ही हलवाहलव कोणी करावयाची, कधी करावयाची आणि कोणाच्या पैशाने करावयाची, हा आजचा प्रश्न आहे. तो अभियंत्यांच्या दफ्तरातला एक किरकोळ कलम म्हणून सोडून देता येईल असा नाही, कारण त्याचे उत्तर चुकले तर त्याचा दंड शहरातील प्रत्येक स्वयंपाकघरास भरावा लागतो.

पाण्याच्या बाबतीत हे शहर अनुभवशून्य नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीस अहमद निजामशहाने सीना नदीकाठी हे नगर वसविले तेव्हा नदीच्या भरवशावर राजधानी चालणार नाही, हे त्याच्या व त्याच्या वारसांच्या लौकरच ध्यानात आले. पर्जन्यछायेतला हा मुलुख. सीना पावसाळ्यात फुगावयाची आणि एरवी वाळूत लपावयाची. म्हणून कापूरवाडी, वडगाव अशा आसपासच्या उंच जागी पाणी गोळा करून खापरी नळांनी ते शहरात, किल्ल्यात, बागांत आणि फराहबागेच्या महालापर्यंत आणले गेले. भाजलेल्या मातीचे नळ चुन्यात बसवावयाचे, मध्ये मध्ये हौद बांधावयाचे आणि केवळ उताराच्या बळावर पाणी खेळवावयाचे, असे ते तंत्र होते. त्याच निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने पुढे सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेला, नहर खेळविली, ती आजही अभ्यासकांचे कौतुक मिळविते. नगरच्या खापरी नळांचे मात्र आज तुकडेच पाहावयास मिळतात. कुठे वरून रस्ता गेला, कुठे घराचा पाया खणला गेला, कुठे नांगर चालला. त्या नळांना शत्रूने तोफा लावून फोडले नाही. जमिनीखाली काय आहे याची नोंद ठेवण्याची जबाबदारी कोणाचीच राहिली नाही, एवढेच त्यांच्या नाशास पुरे झाले.

१८५४ साली येथे नगरपालिका आली. पुढे पिंपळगाव माळवीचा तलाव शहराची तहान भागवू लागला. वस्ती वाढली तसा तोही अपुरा पडला. मुळा नदीवर २६ हजार दशलक्ष घनफूट क्षमतेचे धरण उभे राहिले आणि १९७०च्या दशकापासून शहराची सारी भिस्त त्या पाण्यावर आली. नगरपालिकेची महानगरपालिका २००३ साली झाली; केंद्र सरकारच्या २०१५ सालच्या ‘अमृत’ अभियानातून मुळा धरण ते वसंत टेकडी अशी नवी योजनाही हाती घेतली गेली. उपनगरे सावेडीच्या आणि केडगावच्या पलीकडे गेली. पण पाण्याची वाट तीच राहिली.

ही वाट रस्त्याच्या कडेनेच का काढली गेली, असे कोणी विचारील. उत्तर अगदी साधे आहे. शेतकऱ्याच्या रानातून वाहिनी न्यावयाची म्हणजे जमीन संपादन करा, मोबदला द्या, तंटे सोडवा. रस्त्याची कडा ही सरकारची जमीन, ती मोकळी आणि सरळ. शिवाय पाइप वाहून आणणारी गाडी थेट खंदकाच्या तोंडाशी उभी राहते आणि फुटलेली वाहिनी शोधत फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला चिखल तुडवावा लागत नाही. महाराष्ट्रातील बहुतेक शहरांनी आणि प्रादेशिक योजनांनी हाच मार्ग पत्करला. त्यात त्या वेळी चूक काहीच नव्हती. फक्त एक गोष्ट त्या करारात अध्याहृत होती. जमीन रस्त्याची होती आणि पाणी तेथे पाहुणे म्हणून आले होते.

पाहुण्याचा हक्क किती, हे कायद्याने पुढे फार कोरड्या शब्दांत सांगितले. २००२ सालच्या राष्ट्रीय महामार्ग (जमीन व वाहतूक) नियंत्रण कायद्यान्वये महामार्गाच्या जमिनीत नळ, तार, गटार यांपैकी काहीही घालावयाचे अथवा हलवावयाचे तर महामार्ग प्रशासनाची लेखी पूर्वपरवानगी हवी. ही परवानगी म्हणजे परवाना होय, मालकी नव्हे. आणि रस्ता रुंद करण्याची गरज पडली की सूचना मिळताच परवानाधारकाने आपली वाहिनी स्वखर्चाने हलवावी, अशा अटी या परवान्यांत घातल्या जातात. उलट ज्या वाहिन्या पूर्वीपासूनच तेथे आहेत त्या हलविण्याचा खर्च रस्त्याच्या प्रकल्पातच धरावयाचा, अशीही पद्धत आहे. म्हणजे एकाच रस्त्याच्या कडेला पडलेल्या दोन वाहिन्यांपैकी जुनीचा खर्च दिल्लीने द्यावा आणि नवीचा पालिकेने, असा प्रसंग सहज येऊ शकतो. मग कागदपत्रांचा शोध सुरू होतो. वाहिनी केव्हा टाकली, परवानगी कोणी दिली, त्या वेळी रस्ता राज्याचा होता की राष्ट्राचा? नगर-मनमाड रस्ता पूर्वी राज्याच्या हाती होता, आता तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १६० चा भाग आहे. रस्त्याचा धनी बदलला. पण खालचा नळ जेथे होता तेथेच राहिला आणि एका रात्रीत दुसऱ्याच्या घरचा पाहुणा ठरला.

आमच्या मते येथे तत्त्वाचा निर्णय आधी व्हावयास हवा. जो रुंदी मागतो त्याने वाटेत येणाऱ्याची सोय लावावी, हा साधा व्यवहार आहे. पिण्याचे पाणी पुरविणे हे पालिकेचे कर्तव्य खरे. परंतु ज्या पालिकेला पंपांच्या विजेचे देयक भागविण्याचीच विवंचना, तिने परराज्यांतल्या मालमोटारींसाठी कोट्यवधींचा खर्च करून आपला धडधाकट नळ उखडावा, हे म्हणणे न्यायाचे नाही. महामार्गाच्या अंदाजपत्रकात जसा खडीचा, डांबराचा आणि पुलांचा आकडा असतो तसाच जलवाहिनीचाही पूर्ण आकडा असावा. ठेका देण्यापूर्वी असावा. अर्थात पालिकेनेही येथे हात मारून घेऊ नये. आहे त्याच व्यासाची वाहिनी बसविण्याचा खर्च रस्त्याने द्यावा. पुढील तीस वर्षांची लोकसंख्या डोळ्यांपुढे ठेवून मोठा व्यास हवा असेल तर फरकाची रक्कम शहराने उभी करावी. तशी ती उभी करणे शहाणपणाचेच ठरेल, कारण खंदक दुसऱ्याच्या खर्चाने खणला जाण्याचा योग वारंवार येत नाही.

वाहिनी हलविण्याची मुळात गरजच काय, ती आहे तेथे राहू द्या आणि वरून रस्ता करा, असेही म्हणणारे भेटतात. ठेकेदाराला ते सोयीचे वाटते. परंतु पन्नास वर्षांपूर्वी कडेच्या मोकळ्या जमिनीखाली घातलेली वाहिनी आजच्या मालमोटारींचा भार पेलण्यासाठी आखलेली नसते. या भागातली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्या या श्वासोच्छ्वासात पाइपांचे जोड आधीच सैल झालेले असतात. त्यावर चाळीस-पन्नास टनांची वाहने अहोरात्र धावू लागली की गळती सुरू होते. ती वर दिसत नाही. पाणी रस्त्याचा पाया भिजवीत राहते आणि एके दिवशी नवा रस्ता खचतो. मग दुरुस्तीसाठी महामार्गच फोडावा लागतो. म्हणजे नळही गेला आणि रस्ताही गेला. चौपदरी महामार्गाच्या हद्दीत अगदी कडेला दोन मीटर रुंदीची पट्टी अशा वाहिन्यांसाठी राखावी, असे मार्गदर्शक सूत्र केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने घालून दिले ते याचसाठी. ही पट्टी आराखड्यावर असते. प्रत्यक्षात तेथे टपऱ्या, धाबे, वळणांचे मुरूम आणि विजेचे खांब यांनी आधीच मुक्काम ठोकलेला असतो.

आता शहराच्या दृष्टीने खरी कसोटी कोठे आहे ते पाहू. नवी वाहिनी शेजारून टाकणे हे काम वेळखाऊ असले तरी त्रासाचे नाही. जुनी चालूच असते, घरोघरी पाणी येतच असते. नव्या वाहिनीत पाणी भरून नेहमीच्या दीडपट दाबावर तिची चाचणी घ्यावयाची, औषध टाकून ती धुऊन काढावयाची, वळणावळणांवर काँक्रीटचे ठोकळे बसवून ते पुरते घट्ट होऊ द्यावयाचे. हे ठोकळे नसतील तर दाबाने वळण उखडते, म्हणून त्यांची घाई कामाची नाही. येथवर नागरिकास काही कळतही नाही. त्रास होतो तो जोडाच्या दिवशी. त्या दिवशी पंप बंद करावे लागतात, दोन व्हॉल्व्हमधला भाग रिकामा करावा लागतो. एक मीटर व्यासाची वाहिनी दर किलोमीटरला पावणेआठ लाख लिटरांहून अधिक पाणी पोटात बाळगते, ते कोठेतरी सोडून द्यावे लागते. मग कापणे, जोडणे, आणि पुन्हा भरणे. हे भरणेही सावकाशीने करावे लागते. आत कोंडलेली हवा एअर व्हॉल्व्हमधून निघून गेली नाही, किंवा पंप एकदम चालू केले, तर पाण्याचा जो तडाखा बसतो त्याने जोडलेला तुकडा सुखरूप राहून चार किलोमीटरांवरचा जुनाट जोड फुटतो. ‘जलवाहिनी पुन्हा फुटली’ या बातमीतील ‘पुन्हा’ या शब्दाचा उगम बरेचदा येथे असतो.

सरकारी निवेदनात बारा तासांचा खंड असे म्हटलेले असते. पण बारा तासांचा खंड म्हणजे बारा तासांची गैरसोय नव्हे. नगरकरांना वर्षानुवर्षे पाणी एक दिवसाआड, पाळीपाळीने मिळत आले आहे. एका भागाची पाळी चुकली की ती दुसऱ्या दिवशी ढकलली जाते, त्या दिवशीच्या भागाची तिसऱ्या दिवशी. वसंत टेकडीच्या टाक्या तळाला गेलेल्या असतात त्या पुन्हा भरेपर्यंत दाब मिळत नाही, आणि उंचावरच्या व टोकाच्या वस्तीला चार-चार, पाच-पाच दिवस नळाकडे पाहत बसावे लागते. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती साडेतीन लाख भरली होती. दरडोई १३५ लिटर हे सर्वमान्य प्रमाण धरले तर तेवढ्या वस्तीची एका दिवसाची गरज सुमारे पावणेपाच कोटी लिटर होते. दहा हजार लिटरांच्या टँकरने ही तूट भरून काढावयाची ठरविले तर एका दिवसात ४,७०० खेपा कराव्या लागतील! टँकरने पाणी पुरवू, असे आश्वासन जेव्हा दिले जाते तेव्हा हा हिशोब वाचकांनी जवळ ठेवावा. बंगल्यात दोन हजार लिटरांची टाकी असणाऱ्यास हा काळ निभावून नेता येतो. ज्याच्या घरी दोन हंडे आणि एक पिंप आहे, त्याच्या घरातील बाई त्या दिवशी कामावर जात नाही, आणि तिची बुडालेली मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

हे सारे अकारण भय घालणे आहे असे ज्यांस वाटेल त्यांनी शेजारच्या छत्रपती संभाजीनगरकडे पाहावे. ते शहर जायकवाडीच्या पाण्यावर जगते. २०१९ साली तेथे १६८० कोटी रुपयांची नवी पाणी योजना मंजूर झाली. पुढे तिचा खर्च २७०० कोटींच्या वर गेला. अडीच मीटर व्यासाची प्रचंड वाहिनी पैठण रस्त्याच्या कडेने टाकण्याचे काम सुरू झाले, आणि त्याच रस्त्याचे राष्ट्रीय महामार्ग म्हणून रुंदीकरणही सुरू झाले. दोन्ही कामे सार्वजनिक हिताची, दोन्हींमागे सरकारच, तरी वाहिनी रस्त्याखाली आली की रस्ता वाहिनीवर आला याचा वाद पेटला. जुन्या वाहिन्यांना काम चालू असताना धक्के बसत राहिले आणि पाणी योजनेसंबंधीच्या जनहित याचिकेत उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला या दोन यंत्रणांची समजूत घालावी लागली. ज्या शहरात आठवड्यातून एकदा पाणी येते त्या शहरात न्यायमूर्तींना नळाच्या आणि रस्त्याच्या अंतराचा विचार करीत बसावे लागावे, याचा अर्थ दोन नकाशे वेळेवर एका टेबलावर पसरले गेले नाहीत एवढाच होतो.

याच्या उलट उदाहरणही महाराष्ट्रातच आहे. मुंबईने १८९२ साली तानसा तलावाचे पाणी आणले ते वाहिनीसाठी स्वतंत्र पट्टा राखून. त्या पट्ट्यावर देखभालीचा स्वतंत्र रस्ता असतो. वाहिनी पाहावयास जाणाऱ्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. पुढे त्या पट्ट्यावर झोपड्या चढल्या आणि दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी ठेवण्यासाठी उच्च न्यायालयास आदेश द्यावा लागला, ही गोष्ट निराळी. त्या झोपड्यांतील माणसांचे पुनर्वसन हाही सोपा प्रश्न ठरला नाही. तरीही वाहिनीचा स्वतःचा हक्काचा पट्टा असणे आणि दुसऱ्याच्या कडेला उभे राहणे यांतील अंतर त्यावरून कळावे. नगरने आज तीस किलोमीटरांचा पट्टा विकत घ्यावा, असे सुचविण्याइतके आम्ही स्वप्नाळू नाही. परंतु जेथे वाहिनी हलवावीच लागेल तेथे ती पुन्हा रस्त्याच्या हद्दीतच, पुढच्या रुंदीकरणाच्या तोंडी नेऊन ठेवण्याऐवजी, जमीन मालकांना रास्त मोबदला देऊन हद्दीबाहेर नेता येईल काय, याचा विचार तरी झाला पाहिजे. चौपदरीचे सहापदरी होण्यास या देशात फार वर्षे लागत नाहीत.

मग क्रम कोणता असावा? रस्त्याचे यंत्र शिवारात शिरण्यापूर्वी महामार्ग विभाग, महानगरपालिका, जीवन प्राधिकरण आणि ग्रामीण योजना चालविणाऱ्या समित्या यांच्या अभियंत्यांनी मुळानगरपासून नागापूरपर्यंत सारा मार्ग पायी चालून पाहावा. पायी म्हटले ते जाणूनबुजून. कागदावरची वाहिनी आणि मातीतली वाहिनी यांच्यात अनेकदा दहा-वीस हातांचे अंतर असते, आणि ते कार्यालयात बसून दिसत नाही. जुन्या व्हॉल्व्हमनला सोबत घ्यावे. नकाशात नसलेले वळण त्याला ठाऊक असते, आणि तो सेवानिवृत्त झाला की ते ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. ठिकठिकाणी चर खणून खात्री करावी आणि जे सापडेल त्याची नोंद दोन्ही कार्यालयांत ठेवावी. त्यानंतर वाहिनीचे काम, चाचणी, आणि मगच रस्त्याचे खोदकाम. ‘आधी लगीन कोंढाण्याचे’ म्हणणाऱ्या मुलुखात हा क्रम समजावून सांगावा लागू नये!

हंगामाचा प्रश्न थोडा बिकट आहे, आणि त्याचे निर्दोष उत्तर आमच्यापाशी नाही. चैत्र-वैशाखात पाणी तोडणे हा अपराध ठरेल. पावसाळ्यात मागणी कमी असते, पण काळ्या मातीत खंदक उभा राहत नाही, भरलेली माती दबत नाही. उरतात ते दिवाळीनंतरचे तीन महिने. त्याच वेळी गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि रस्त्यावर उसाची रांग लागलेली असते. यातून मार्ग काढावयाचा तर वाहिनी टाकण्याचे काम आधी पुरे करून जोडांचे दिवस तेवढे या काळात धरावेत. आणि राहुरीपासून प्रवरेपर्यंतच्या कारखान्यांना त्या दोन-चार दिवसांपुरती आपल्या गाड्यांची वाट बदलण्याची विनंती करावी. सहकाराचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्यात एवढे सहकार्य अशक्य नसावे. शक्य तितके जोड एकाच खंडात उरकावेत. दर पंधरवड्याला एक खंड, असे सहा महिने चालण्यापेक्षा एकदाच छत्तीस तास, पण आधी आठ दिवस सांगून, हे लोकांना अधिक सोसवते.

त्या आठ दिवसांत काय सांगावे, हेही सांगून टाकतो. कोणत्या दिवशी पंप बंद होतील, कोणत्या भागाची पाळी त्यामुळे कितव्या दिवशी येईल, आणि टँकर कोठे व किती वाजता उभा राहील, हे भागवार छापून प्रसिद्ध करावे. रुग्णालये, वसतिगृहे आणि टोकाच्या वस्त्या यांचा टँकर प्रथम ठरवावा. ठेकेदाराच्या यंत्राने वाहिनी फुटली तर दुरुस्तीचा खर्च, वाया गेलेल्या पाण्याची किंमत आणि टँकरचा खर्च त्याच्या देयकातून कापण्याची अट ठेक्यातच लिहिलेली असावी, आणि कापलेली रक्कम महिन्याच्या महिन्याला जाहीर व्हावी. महापालिकेच्या सभेत हा विषय येईल तेव्हा सभासदांनी प्रथम याच अटीची प्रत मागावी.